काळ्या दगडाच्या खाली काय?

कुरुंदवाडच्या घाटाचा काळा दगड आपल्या पायांच्या ओळखीचा आहे. तो ज्वालामुखीचा, असे शाळेत शिकवतात. त्यावर एखादा चौकस मुलगा विचारतोच, "गुरुजी, मग तो डोंगर कुठं हाय?"

तसा एखादा डोंगर दाखवता येत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर त्या थरांच्या पायऱ्या आजही दिसतात.

दुसऱ्या जातीच्या ज्वालामुखीचे वागणे निराळे. त्याच्या पोटात दाट, चिकट शिलारसाचे कोठार असते. स्फोटाने ते रिते झाले, की हळदीच्या पेवाचे तोंड ढासळावे तसे वरचे छप्पर आत खचते आणि कित्येक मैल रुंद खोलगट कढई उरते. तिला काल्डेरा म्हणतात. खाली राहिलेला रस सावकाश थंड होतो, त्यात मोठे स्फटिक धरतात, तोच ग्रॅनाइट.

एरवी हे कोठार दिसायचे कसे? अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात निसर्गानेच ती सोय केली. काएटानो नावाचा काल्डेरा तेथे सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी झाला. पुढे भूकवच ताणले गेले, त्याचे तुकडे झाले आणि फळीवरची पुस्तके कलावीत तसे ते कलले. खालची बाजू वर आली. आता तिथे आडवे चालत जावे, तो जुन्या काळच्या खोलीत उतरत गेल्यासारखेच होते!

आपले थर मात्र बहुतेक आडवे. खालचे पाहायचे तर भोक पाडण्यावाचून गत्यंतर नाही. तशी वेळ कोयनेने आणली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपानंतरही तिथले धक्के थांबले नाहीत. त्यांचे मूळ शोधण्यासाठी गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेतले; ते 2017 साली पुरे झाले. 1247 मीटरपर्यंत काळा दगड, मग ग्रॅनाइट.

पण हा ग्रॅनाइट म्हणजे आपल्या लाव्ह्याचे कोठार नव्हे. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. लाव्हा त्याच्यावर पसरला, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरावे तसा. कोयनेचे धक्के उठतात तेही या जुन्या खडकातच. दोहोंमध्ये वाळूचा वा गाळाचा थर लागेल, असे काहींना वाटत होते. तो लागला नाही. काळा संपला, की थेट ग्रॅनाइटच.