गोधडी शिवायला एकत्र बसू या

रब्बीची सुगी आटोपली, की शेतातले काम थोडे कमी होते. ऊन कडक पडते. धुतलेला जाड कपडासुद्धा एका दिवसात खडखडीत वाळतो. गोधडी शिवायला हेच दिवस चांगले. पावसाळा लागला, की कपडा ओला राहतो आणि त्याला कुबट वास येतो. थंडी पडल्यावर सुई-दोरा शोधत बसून काय उपयोग?

कोणी गोधडी म्हणतात, कोणी वाकळ म्हणतात. बाईने ती एकटीने शिवायला घेतली, तर महिना महिना कोपऱ्यात पडून राहते. दोन ओळी होतात न होतात, तोच चुलीकडून हाक येते. चौघी मिळून बसल्या, तर तेच काम दोन-तीन दिवसांत होते. शिवाय बोलायला माणूस मिळते. मन हलके होते.

पण नुसते जमून भागत नाही. एकीजवळ सुई नसते. दुसरीचा कपडा ओला असतो. दुपारी दोरा संपतो आणि दुकान असते बाजारच्या गावी. मग दिवस गप्पांत जातो. संध्याकाळी जो तो आपले गाठोडे उचलून घरी जातो. घरची माणसे म्हणतात, "बसायला जाता, पण काम काय करता?" पुढच्या वेळी बाईला घरातून निघणे अवघड होते. म्हणून तयारी आधी करावी, मग बसावे.

आधी काय ठरवावे?

चौघींनी आठ दिवस आधी भेटावे. कोणत्या दिवशी बसायचे, कोणाच्या ओसरीवर बसायचे, किती वेळ बसायचे, हे ठरवावे. चार दिवसांत दोन गोधड्या झाल्या तरी पुष्कळ. कोणाच्या गोधड्या आधी, त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. राहिलेल्या दोघींची पाळी पुढच्या बैठकीत. जिची गोधडी आधी झाली, तिने पुढच्या बैठकीला आलेच पाहिजे. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा हे सारे वहीत लिहून ठेवा. लिहिलेले असले, म्हणजे पुढे वाद होत नाही.

घरीही आधीच बोलावे. "चार दिवस मी दुपारी वहिनींच्या ओसरीवर बसणार आहे. संध्याकाळचं पाणी तुम्ही भरा," असे कारभाऱ्यांना स्वच्छ सांगावे. गोधडी घरातले सगळेच पांघरतात. मग तिच्यासाठी चार दिवस सगळ्यांनी थोडा हात लावला, तर त्यात कमीपणा कसला?

कपडा कसा निवडावा?

जुनी लुगडी, धोतरे, चादरी बाहेर काढा. गरम पाण्यात साबणाने धुवा. उन्हात वाळवा. वाळलेला कपडा दोन्ही हातांनी ताणून पाहा. ताणताच फाटला, तर तो भाग कापून टाका. विरलेला पण धड कपडा आत घाला. मजबूत कपडा वर आणि खाली लावा. नवा सुती कपडा घ्यायचा असेल, तर तोही आधी धुवा. नवा कपडा धुतल्यावर आटतो. न धुता शिवला, तर पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात.

हल्ली घरोघरी नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या असतात. त्या दिसायला छान. पण त्या घाम टिपत नाहीत आणि सुईखाली सरकतात. आग लागली, तर असा कपडा वितळून अंगाला चिकटतो. लहान मुलांची गोधडी सुतीच असावी.

आता हिशेब करू. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार. एक वार म्हणजे ३ फूट. तेव्हा लुगडे झाले २७ फूट लांब. एका माणसाची गोधडी साडेसहा फूट लांब पुरते. २७ फुटांतून साडेसहा फुटांचे ४ तुकडे निघतात. एक फूट कपडा उरतो, तो ठिगळाला होतो. लुगड्याचा पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. म्हणजे एका धड लुगड्यात चार थरांची गोधडी बसते. एक थर वर, एक खाली, दोन आत. सहावारी साडी १८ फूट. तिच्यातून दोनच तुकडे निघतात. तेव्हा अशा साड्या दोन लागतील.

दोरा किती लागेल?

गोधडी चार फूट रुंद, म्हणजे ४८ इंच. एकेका इंचावर शिवणीची ओळ घेतली, तर ४८ ओळी झाल्या. एक ओळ साडेसहा फुटांची. ४८ ओळींची शिवण ३१२ फूट झाली. दोरा दुहेरी ओवला, तर ६२४ फूट लागतो. टाका वर-खाली जातो, गाठी मारताना दोरा वाया जातो. म्हणून ७०० फूट धरावा. म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या आत-बाहेर. जाड, मजबूत सुती दोरा घ्यावा आणि तो बसायच्या आधीच आणून ठेवावा.

तीच ३१२ फूट शिवण चौघींत वाटली, तर एकीच्या वाट्याला ७८ फूट येते. एकटीला डोंगर वाटणारे काम चौघींना असे सोपे होते.

बसल्यावर काय करावे?

ओसरी झाडून चटई टाकावी. खालचा थर पसरावा. त्यावर आतले थर आणि शेवटी वरचा थर घालावा. मधून कडेकडे हात फिरवून चुण्या काढाव्यात. मग मोठे मोठे कच्चे टाके घालावेत. तेही मधूनच कडेकडे घालत जावे. त्यामुळे थर हलत नाहीत.

मग चौघींनी चार बाजूंना बसावे. आधी काठ दुमडून शिवावा. नंतर चौफेर धावदोरा घालत आत आत यावे. दोन ओळींत अंगठ्याच्या रुंदीइतके अंतर ठेवावे. टाके लहान आणि सारखे असावेत. एकीचा हात जलद असतो, एकीचा सावकाश. जिची बाजू मागे राहील, तिला दुसरीने हात द्यावा. टोमणा मारू नये.

सुया मोजून घ्याव्यात आणि उठताना मोजून ठेवाव्यात. सुई गोधडीत राहिली, तर रात्री लेकराच्या अंगात घुसेल. एक जरी सुई कमी भरली, तरी सापडेपर्यंत कोणी उठू नये.

उजेड असेपर्यंतच शिवावे. दर तासाने उठावे, पाठ सरळ करावी, लांबच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे. डोळ्यांना विसावा मिळतो. भाकरी चौघींनी आपापली आणावी आणि वाटून खावी. यजमानणीला चुलीपुढे अडकवू नये. तीही शिवायलाच बसली आहे.

हात चालू असला, की तोंडही चालते. कोणी ओवी म्हणते, कोणी माहेरची गोष्ट सांगते. कधी एखादी आपले दुःख बोलून दाखवते. ते ऐकावे, पण गावभर करू नये. ओसरीवरचे बोलणे बाहेर गेले, तर ती बाई पुन्हा येणार नाही.

दूरदेशीची एक गोष्ट

बाया जमून गोधड्या शिवतात, हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतही ही रीत जुनी आहे. तिथल्या अलाबामा राज्यात विल्कॉक्स नावाचा जिल्हा आहे. तिथे गरीब शेतकरी घरांतल्या काळ्या बाया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली त्यांनी आपली सहकारी संस्था काढली. गोधड्या शहरात विकल्या जाऊ लागल्या आणि बायांच्या हातात त्यांच्या कष्टाचा पैसा आला. त्याच जिल्ह्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे गाव आहे. तिथल्या गोधड्यांची चित्रे २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापली गेली. चिंध्यांच्या कामाला देशाने असा मान दिला.

आपल्यालाही कोणी पैसे देऊन गोधडी शिवायला सांगेल. तेव्हा कपडा, दोरा आणि प्रत्येकीचे दिवस वहीत लिहावेत आणि मगच किंमत सांगावी. बाईचे दिवस फुकटचे नसतात.

गोधडी पुरी झाली, की आणखी एक काम करा. एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने चौघींची नावे काढा. खाली साल घाला. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आजीच्या गोधडीवर नाव नव्हते, कारण तिला लिहिता येत नव्हते. तुम्हाला येते. पुढे नातवंडे ती गोधडी पांघरतील आणि ही नावे वाचतील.