पाटा, मटकी आणि अंड्याचे टरफल

जीवशास्त्र आणि खनिजशास्त्र शिकवायला लागणारे बरेचसे सामान मराठी स्वयंपाकघरात आणि घराबाहेरच्या खडीच्या ढिगात सापडते. तरी शाळेत हे दोन्ही विषय पाठांतराचे होतात, कारण तिथे नावे आधी येतात आणि वस्तू नंतर. कित्येकदा वस्तू येतच नाही. हा क्रम उलटा केला की मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात.

मटकीपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. रात्रभर भिजवलेल्या मटकीचे दोन वाटे करावेत. एक ओल्या फडक्यात बांधावा, दुसरा वाटीभर पाण्यात बुडवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी फडक्यातल्या दाण्यांना मोड आलेले दिसतात. पाण्यातले दाणे टम्म फुगतात, पण त्यांचे मोड खुंटतात आणि पाण्याला आंबूस वास येऊ लागतो. पाणी तर दोघांनाही मिळाले, मग कमी काय पडले? थोडा विचार करू दिला तर बहुतेक मुले हवेपर्यंत पोहोचतात. मोड येणारा दाणा श्वसन करत असतो आणि बुडालेल्या दाण्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हे उत्तर आधी सांगून टाकले तर प्रयोगातला जीवच जातो. घरी जास्त मटकी बांधली असेल तर गाठोड्याच्या मध्यभागी बोट घालून पाहावे, आत ऊब लागते. तीही श्वसनाचीच. मोड आलेला दाणा ओल्या कापसावर कसाही आडवा-उलटा ठेवला तरी मूळ वळून खालीच जाते. हे पाहायला दोन-तीन दिवस पुरतात.

दगडांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या मुलांइतके भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. राज्याचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे. पाटा-वरवंटा, जाते, सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे कातळ, अजिंठ्याची लेणी, सगळे याच काळ्या बेसाल्टचे. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ झिरपलेल्या पाण्याने त्यांत क्वार्ट्‌झ, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजे साठवली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचे गडद निळे कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या विशेष आवडीचे. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ही संपत्ती पाहता येते.

पण त्यासाठी सिन्नरला जायलाच हवे असे नाही. बांधकामाच्या खडीत पांढरे ठिपके असलेला एखादा तुकडा बहुधा मिळतोच. तो धुऊन भिंगाखाली धरावा. पांढऱ्या भागावर लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो का? तो भाग काचेवर ओरखडा पाडतो का? क्वार्ट्‌झ काच कापते आणि खिळ्याला दाद देत नाही. कॅल्साइटवर मात्र खिळ्याची रेघ सहज उमटते. फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांची कठीणपणाची जी श्रेणी मांडली, ती याच साध्या कसोटीवर उभी आहे. त्यानंतर लिंबाचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट असण्याचा संभव मोठा. झिओलाइटही बहुधा खिळ्याने ओरखडले जाते, पण त्यावर असा फेस येत नाही. घरातल्या रांगोळीवरही हाच थेंब टाकून पाहावा: काही रांगोळ्या फसफसतात, काही नाही, कारण सगळ्या एकाच दगडाच्या नसतात. चार घरांची रांगोळी गोळा केली तर वर्गात खरे संशोधन सुरू होते.

या पद्धतीचा भारतातला मोठा दाखला म्हणजे मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. 1972 मध्ये 16 ग्रामीण उच्च प्राथमिक शाळांत तो सुरू झाला. मुले गटागटाने प्रयोग करत, निरीक्षणे स्वतः लिहीत आणि परीक्षेला पुस्तक-वही सोबत नेत. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला, हे दुर्दैव. मात्र खेड्यातल्या साध्या शाळेतही प्रयोगातून विज्ञान शिकवता येते, हे त्या 30 वर्षांत सिद्ध झाले.

सजीव आणि खनिज यांची गाठ कुठे पडते, हे अंडे दाखवते. कच्चे अंडे व्हिनेगरमध्ये ठेवले की टरफलावर बुडबुडे धरतात आणि एक-दोन दिवसांत टरफल विरघळून मऊ, पारभासक पापुद्र्यातले अंडे उरते. कॅल्साइट आणि हे टरफल दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. एक कातळात जमलेले, दुसरे कोंबडीने खाद्यातल्या कॅल्शियमपासून घडवलेले. कोंबडीचे स्वच्छ केलेले बारीक हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवले तर ते वाकू लागते. त्यातली खनिजे निघून जातात आणि कोलॅजन हे चिवट प्रथिन मागे राहते. हाडाला कडकपणा खनिजांमुळे येतो आणि चिवटपणा प्रथिनामुळे. हे हाड मुलांनी स्वतः वाकवून पाहावे. मात्र त्यानंतर हात साबणाने धुवावेत.