बिस्किटाला ‘डी’ कोण देतं? न्यूट्री-स्कोअरमागचं गणित

बाबांना डायबेटिस निघाला, तेव्हा त्यांच्या चहासोबत म्हणून मी ‘हाय फायबर’ लिहिलेली तपकिरी बिस्किटं आणली. घरी आल्यावर सहज ‘ओपन फूड फॅक्ट्स’ ॲपवर बारकोड स्कॅन केला, तर ग्रेड आली ‘डी’! मी कोड लिहिणारा माणूस. आउटपुट पटलं नाही की फंक्शन उघडून बघतो.

ही ग्रेड म्हणजे न्यूट्री-स्कोअर. फ्रान्सने ही पद्धत २०१७ मध्ये स्वीकारली. ‘ए’ सगळ्यात चांगली, ‘ई’ सगळ्यात वाईट. हिशोब १०० ग्रॅमवर होतो. २०१७ च्या सूत्रात ऊर्जा, साखर, सॅच्युरेटेड फॅट आणि सोडियम यांचे प्रत्येकी ० ते १० दंडाचे गुण होते. फायबर, प्रोटीन आणि फळं-भाज्या यांचे प्रत्येकी ० ते ५ चांगले गुण होते. दंडातून चांगले गुण वजा करायचे. उरलेला आकडा जितका कमी, तितकी ग्रेड चांगली.

समजा, पाकिटामागे १०० ग्रॅमसाठी असं लिहिलंय: ऊर्जा ४५० किलोकॅलरी, साखर २४ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ५.५ ग्रॅम, सोडियम ३०० मिलिग्रॅम. २०१७ च्या सूत्राने दंड होतो ५ + ५ + ५ + ३ = १८. फायबर ६ ग्रॅम, म्हणजे पूर्ण ५ गुण. ७ ग्रॅम प्रोटीनचे ४. मग १८ − ९ = ९, म्हणजे ‘सी’ यायला हवी ना?

इथेच खरी गंमत आहे. त्या सूत्राच्या कोडमध्ये एक ‘इफ’ लपला होता: दंड ११ किंवा जास्त असेल आणि फळं-भाज्यांचे पूर्ण गुण नसतील, तर प्रोटीन मोजायचंच नाही. म्हणून १८ − ५ = १३. ग्रेड ‘डी’. पाकिटावरचा ‘हाय फायबर’ दावा खोटा नव्हता, फक्त साखरेबद्दल तो गप्प होता.

पण ग्रेडही डोळे झाकून मानू नका. तुम्ही किती खाता हे तिला कळत नाही. लोणचं चमचाभर खाल्लं तरी हिशोब १०० ग्रॅमचाच. जेवणानंतर रक्तातली साखर किती वाढेल, हेही ती सांगत नाही. शिवाय सॉफ्टवेअरसारखं या सूत्राचंही व्हर्जन बदलतं. जुन्या सूत्रात डाएट कोला ‘बी’ मिळवायचा. नव्यात गोडी आणणाऱ्या कृत्रिम पदार्थांनाही दंड लागल्यावर तो ‘सी’वर आला.

आपल्याकडे एफएसएसएआयने २०२२ मध्ये अर्धा ते पाच तारे देणाऱ्या ‘इंडियन न्यूट्रिशन रेटिंग’चा मसुदा काढला होता. पण तुम्हाला ताऱ्यांची वाट बघायची गरज नाही. दोन बिस्किटांची, दोन सॉसची आपसात तुलना करा आणि पाकीट उलटं करून १०० ग्रॅममागची साखर आधी वाचा.

बाबा आता चहासोबत मूठभर फुटाणे खातात. त्या पुडीवर बारकोडच नसतो.