तीर आणि तुक्का

‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ असे मराठी बोलण्यात सहज येऊन जाते. अंदाजाने केलेली गोष्ट साधली तर वाहवा, फसली तर कोणाचे काही गेले नाही, एवढाच अर्थ आज त्यातून घेतला जातो. परंतु तुक्का ही मुळात एक वस्तू आहे. लोखंडी पाते न बसविता पुढून बोथट ठेवलेल्या बाणाला तुक्का म्हणत. भाषेने त्याला चुकलेल्या नेमाचे नाव करून टाकले. रानात मात्र त्याची योग्यता तीराहून कमी नव्हती. सावज लहान असेल तर ती अधिकच होती.

दमणगंगेच्या खोऱ्यात, सिल्वासाजवळ खडोली हे गाव आहे. भाताची खाचरे, सागाचे रान आणि त्यांच्या कडेकडेने वसलेले पाडे, असे या मुलखाचे जुने रूप. १७८३ ते १७८५ या काळात तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, १९५४ साली मुक्त झाला आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. राजवटी बदलल्या, तरी वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या समाजांचा रानाशी असलेला संबंध तुटला नाही. पावसाळी पीक संपले की पुढचे महिने काढावयाचे ते कंदमुळे, मासे आणि लहानसहान शिकार यांच्या आधारावर. तेथे धनुष्यबाण हा शौक नव्हता. ते घरातले एक अवजार होते, आणि कोयता निवडताना जसा विचार करावा लागतो तसाच बाणाचे टोक निवडतानाही करावा लागे.

टोक जितके तीक्ष्ण तितका बाण चांगला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती मोठ्या जनावरापुरती खरी आहे. रानडुकरासारख्या प्राण्याचे कातडे जाड, स्नायू घट्ट, हाडे भक्कम. तेथे रुंद व धारदार पाते लागते, कारण असे पाते आत शिरून रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने जनावर पडते. पाते धारेला कमी असेल तर जखम होते, मृत्यू येत नाही. आणि जखमी डुक्कर शिकाऱ्यावर उलटते किंवा झुडपात शिरून दोन दिवस तडफडत राहते.

सशाचे, तित्तराचे किंवा घुशीचे गणित याच्या उलट आहे. पंचवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला चाळीस मीटर वेगाने सुटला, तर त्याच्या अंगी वीस जूल इतकी गतिज ऊर्जा असते. सुईसारखे टोक लहान पक्ष्याच्या देहातून आरपार जाते आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग आपल्याबरोबर पलीकडे घेऊन जाते. पक्षी भोक पडलेल्या अंगाने उडतो, दूर जाऊन पडतो, हाती लागत नाही. बोथट टोकाचे तसे नाही. एक चौरस मिलिमीटरच्या अणीऐवजी दोन सेंटिमीटर व्यासाचा गोल गट्टू लावला की आघाताचे क्षेत्र तीनशे पटींनी वाढते. बाण आत शिरत नाही. तो तेथेच थांबतो आणि जवळ असलेला सारा जोर सावजाला देऊन टाकतो. त्या धक्क्याने लहान प्राणी जागच्या जागी कोसळतो. मांसही फाटून वाया जात नाही. मात्र हाच गट्टू डुकरावर सोडणे म्हणजे त्याला चिडविण्याचा उद्योग होय.

सावजाच्या आकारानंतर पाहावयाचे ते त्याचे ठिकाण. फांदीवर बसलेल्या पक्ष्यावर अणकुचीदार बाण सोडला आणि नेम चुकला, तर बाण फांदीत रुतून बसतो. बोथट बाण फांदीला आपटतो व खाली येतो. वर सोडलेला बाण फार लांब जाऊ नये म्हणून त्याला मोठी, फुगीर पिसे लावण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ती पिसे सुरुवातीचे काही अंतर वेग राखू देतात आणि पुढे हवा अडवून बाणाला खाली आणतात. जमिनीवरच्या सशाबाबत अडचण निराळी. चुकलेला टोकदार बाण गवताच्या मुळाशी सापासारखा सरकतो आणि शोधूनही सापडत नाही. पाश्चात्त्य शिकाऱ्यांनी यावर टोकाभोवती तारेचे लहान बाहू बसविलेली बोंडे काढली. ती गवतात अडकतात आणि बाण उभा राहतो. पाण्यातल्या माशाला यांपैकी काहीच चालत नाही. तेथे उलट्या दातांचे टोक हवे, कारण मासा नुसता मारावयाचा नसतो, तो बाणासकट बाहेर ओढावयाचा असतो. शिवाय प्रकाश पाण्यात वाकतो, त्यामुळे मासा दिसतो त्याहून खाली नेम धरावा लागतो.

तिसरी गोष्ट वजनाची. बाण सरळ जावयाचा तर त्याचा तोल मध्यापेक्षा थोडा पुढे असावा लागतो. साधारणपणे लांबीच्या दहाव्या हिश्शाइतका. टोक हलके झाले तर बाण डोलतो, फार जड झाले तर लवकर नाक खाली घालतो. म्हणूनच सरावाचे टोक आणि शिकारीचे टोक एकाच वजनाचे असावे असा नियम आहे. हलक्या टोकावर हात बसविलेला माणूस ऐन वेळी जड टोक लावील, तर चूक हाताची नसूनही नेम खाली पडेल. भिल्लांच्या कामठ्यात धनुष्य बांबूचे आणि दोरीही बांबूच्याच सालीची असते. अशा साधनावर लाकडी गट्टूचा बाण आणि लोखंडी पात्याचा बाण आलटून पालटून वापरणाऱ्याला प्रत्येकाची चाल हातात मुरवून घ्यावी लागते.

ही निवड काही एका मुलखाची नव्हे. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत मध्याश्मयुगीन लोकांचे लाकडी बोथट बाण सापडले आहेत. इजिप्तमध्ये १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातही धारदार बाणांच्या जोडीला बोथट टोकांचे बाण निघाले. संस्कृतातील धनुर्वेदविषयक ग्रंथांत आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, वत्सदंत, काकतुंड अशी बाणाग्रांची नावेच दिली आहेत. कोणी वस्तऱ्यासारखे, कोणी सुईसारखे, कोणी कावळ्याच्या चोचीसारखे. प्रत्येक आकारामागे एक काम ठरलेले. राजाचा धनुर्धर असो की पाड्यावरचा शिकारी, दोघांपुढचा प्रश्न एकच होता.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. भाताच्या बांधात उंदीर आणि घुशी बिळे करतात आणि लोंब्या तोडून आत साठवितात. बिळाबाहेर आलेली एखादी घूस बोथट बाणाने पडेलही. पण जमिनीखाली वाढणाऱ्या वंशावर बाण हा उपाय नव्हे. त्यासाठी बिळे खणणे, धूर देणे, सापळे लावणे, बांध अरुंद ठेवणे हीच कामे करावी लागतात. आणि ज्या गव्हाणी घुबडाला अशुभ म्हणून दगड मारला जातो, ते एका रात्रीत अनेक उंदीर फस्त करते. कोणते टोक वापरावे हे जाणणाऱ्याने कोठे बाण मुळीच काढू नये हेही जाणले पाहिजे.

याच ठिकाणी कायद्याचा विचार येतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात आरंभी लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. आज ससा, तित्तर यांची शिकार देशभर निषिद्ध आहे, आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच गणला जातो. रानडुकराने उभे पीक तुडविले तरी शेतकऱ्याने परस्पर बाण सोडावयाचा नसतो; त्यासाठी वन्यजीव खात्याची लेखी परवानगी लागते. उंदरासारख्या उपद्रवी प्राण्यांची कायद्याला जोडलेली स्वतंत्र यादी २०२२ च्या दुरुस्तीने वगळली, आणि एखादा वन्य प्राणी काही काळापुरता उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या अधिसूचनेकडे राहिला. दादरा व नगर हवेलीत २००० साली सुमारे ९२ चौरस किलोमीटरचे अभयारण्यही झाले. खडोलीच्या परिसरात कारखाने उभे राहिले. ज्या रानासाठी चार तऱ्हेची टोके लागत, ते रान आकसले आणि उरलेले राखीव झाले.

हे सारे योग्यच झाले. ससे आणि तित्तर उरावयाचे असतील तर बंदीवाचून गत्यंतर नाही. परंतु बंदीबरोबर ज्यांच्या ताटातली वाटी गेली ते लोक श्रीमंत नव्हते, याचे भान ठेवणे अवश्य आहे. आणि शिकार थांबली म्हणून तिच्यातले ज्ञानही निरुपयोगी ठरते असे नाही. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून मोठा झाला. पुढे त्याने १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताच्या वतीने बाण सोडले. लक्ष्य बदलले, टोक बदलले, वाऱ्याचा आणि तोलाचा हिशेब तोच राहिला. दादरा व नगर हवेलीतील शाळांच्या मैदानांवरही गवताच्या पेंढीचे लक्ष्य उभे करण्यास फार खर्च येत नाही.

जुन्या शिकाऱ्याची खरी विद्या मारण्यात नव्हती. समोरचा जीव केवढा आहे, तो कोठे आहे, बाण चुकला तर कोठे जाईल, आणि लागला तर त्याला किती वेदना होतील, हे दोरी ओढण्यापूर्वी ठरविण्यात ती होती. मोठ्या धारेचा मोह टाळून बोथट टोक निवडणारा माणूस आपले बळ मोजून वापरीत असे. म्हणीत तुक्का हे अंदाजाचे नाव झाले आहे. ज्यांनी तो घडविला, त्यांच्या हाती मात्र तो पुरत्या विचाराने निवडलेला बाण होता.