अर्पणाचा अर्थ

ख्रिस्ती मंदिरात उपासना चालू असता अर्पणाची थैली रांगांतून फिरते. नवख्यास ती वर्गणी वाटते. कोणास पुण्याची किंमतही वाटेल. ख्रिस्ती विचारास या दोन्ही कल्पना मान्य नाहीत. देवाची कृपा विकत मिळत नाही. ती अगोदरच लाभलेली असते, आणि अर्पण ही तिची कृतज्ञ पोच होय.

मग अर्पणाचे मोल कशावर ठरावे? मार्कच्या शुभवर्तमानात यरुशलेमच्या मंदिरातील एका विधवेची हकीकत आहे. धनिकांनी भांडारात पुष्कळ द्रव्य टाकले; तिने दोन क्षुल्लक नाणी टाकली. येशूने तिचेच दान अधिक मानले, कारण इतरांनी विपुलतेतून दिले, तिने उपजीविकेतून.

हाच विचार मिझोराममध्ये घरोघरच्या चुलीपाशी पोहोचला आहे. तेथील ख्रिस्ती गृहिणी भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळे काढते. या प्रथेस ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. चर्चच्या स्त्रिया ते तांदूळ गोळा करतात आणि विक्रीतून आलेला पैसा धर्मकार्यास लागतो. जिच्या हाती रोकड नाही, तीही यामुळे दात्यांच्या पंक्तीत बसते. मूठ निघते ती शिजविण्याआधी, जेवून उरलेल्यातून नव्हे.

मात्र हातातील अर्पण पुरेसे नाही. बंधूचे मन दुखावले असल्यास अर्पण वेदीपाशी ठेवून प्रथम समेट करावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. अर्पणापूर्वी दाता स्वतः निर्मळ व्हावा, हाच त्यातील आशय होय.