मागच्या चाकाचा ब्रेक

गाडी सुरू झाली नाही, तर ते लगेच कळतं. गाडी नीट थांबत नाही, हे मात्र कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जुन्या गाड्यांच्या मागच्या ब्रेकचं नेमकं हेच आहे.

माझ्याकडे मारुती ८०० आहे. हे मॉडेल १९८३ साली आलं आणि २०१४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तरी रस्त्यावर ते अजून दिसतं. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू आणि शूवर लायनर. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं शू फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो आणि चाक थांबतं. हँडब्रेकची केबलही हेच शू ओढते. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे जातो, म्हणून जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागचे शू वर्षानुवर्षं टिकतात आणि म्हणूनच विसरले जातात. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागला किंवा चाकातून घासल्याचा आवाज आला, की ड्रम उघडायची वेळ झाली.

शू बदलण्याचं काम मी घरीच करतो. जागा सपाट हवी. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जॅकनं गाडी उचलली की खाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नये. ड्रम अडकला असेल तर कडेवर घाव घालू नयेत, बीड तडकतं. काही ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट सारखे आवळत नेले की ड्रम सुटतो.

आता आतली काळी भुकटी. तिच्यावर फुंकर मारू नका, हवेचा झोतही नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. कित्येक गॅरेजांत हवा मारूनच ड्रम साफ करतात आणि ती धूळ हाताखालच्या पोराच्या छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसावं आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण आतल्या स्प्रिंगा जोरात उडतात.

एका वेळी एकच बाजू उघडावी. कुठली स्प्रिंग कुठे, असा प्रश्न पडला की दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते. फक्त ती आरशातल्यासारखी उलटी. शू मात्र दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ड्रम काढलेला असताना पेडल दाबू नये. सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. सिलिंडरचं रबर ओलं दिसलं तर काम थांबवून मिस्त्रीला बोलवावं. तेल लागलेला लायनर पुसून वापरू नये.

नवे शू बसवून ड्रम चढवला की चाक हातानं फिरवून पाहावं. किंचित घासल्याचा आवाज यावा, चाक अडू नये. मग गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबावं. ते पायाखाली घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर गाडी दाराबाहेर काढू नये. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, अगदी हळू.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते, त्यात ब्रेकही पाहतात. पण त्या तारखेची वाट कशाला पाहायची? स्वतः जमत नसेल तर मिस्त्रीला सांगून आपल्यासमोर ड्रम उघडायला लावा आणि लायनर किती उरला ते डोळ्यांनी पाहा. चेंडूमागे रस्त्यावर धावत येणाऱ्या मुलाला आपल्या गाडीचं वय माहीत नसतं.