मुलांची चित्रं रद्दीत घालू नका : शाळेपासूनच पोर्टफोलिओ कसा उभा करायचा

पावसाळा लागला की घराघरांत एक काम निघतं. पलंगाखालचे, माळ्यावरचे जुने कागद बाहेर येतात. काहींना ओल लागलेली, काहींना वाळवी. त्यात मुलांच्या वह्या असतात आणि वह्यांच्या आड त्यांची चित्रंही. सगळं एकदम रद्दीवाल्याच्या काट्यावर जातं. पुढे तीच मुलगी बारावीला येते, "मला डिझाइनला जायचंय" म्हणते. मुलाखतीत विचारतात, "बेटा, तुझं काम दाखव." आणि दाखवायला हातात एकही कागद नसतो.

बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, कुठल्याही गावात जा, आपल्या मोहल्ल्यात चित्र काढणारं एखादं मूल असतंच. कोणी मेंदीची नक्षी काढतं, कोणी दुकानाचे बोर्ड रंगवतं, कोणी उर्दू अक्षरं इतकी सुबक लिहितं की पाहत राहावं. या हुनरला पुढे वाट आहे. पण ती शाळेत असतानाच धरावी लागते, म्हणून पालकांनाही ती माहीत हवी.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय?

साध्या भाषेत, स्वतःच्या हातच्या निवडक कामाची फाइल. पंधरा-वीस चित्रं, त्याबरोबर कच्च्या स्केचची वही आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची माहिती. "सगळ्यात सुंदर चित्रांचा अल्बम" असा अर्थ काढू नका. तपासणाऱ्याला तीन गोष्टी बघायच्या असतात. मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघतं का, हाताला सराव आहे का, आणि चुकल्यावर ते पुन्हा करून बघतं का.

म्हणूनच मोबाइलवरून उतरवलेलं नटीचं किंवा कार्टूनचं चित्र कितीही हुबेहूब असलं तरी फाइलमध्ये त्याला फार किंमत नसते. ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याऐवजी घरातल्या बदन्याचं, चुलीवरच्या पातेल्याचं, दारातल्या चपलांचं समोर बसून काढलेलं चित्र जास्त बोलतं.

पहिली पायरी : ग्रेड परीक्षा

आपल्या राज्यात या वाटेची सुरुवात शाळेतच आहे. कला संचालनालयाची शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम, आणि भूमिती व अक्षरलेखन असे तिचे पेपर असतात. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या निकालातही कामी येते. ए श्रेणीला 7, बी ला 5 आणि सी ला 3 सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो. तो गेला की नाही, हे पालकांनी स्वतः जाऊन विचारावं.

आमचा सल्ला असा की आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट उरकून घ्यावी. दहावीच्या वर्षी घाई नको. आपल्या काही शाळांत, विशेषतः लहान गावांत, ड्रॉइंगचे सर नसतात आणि मग फॉर्मच भरले जात नाहीत. असं असेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावं आणि जवळच्या केंद्रावरून मुलांना बसवता येईल का ते विचारावं. एकट्या मुलाने विचारलं तर विषय तिथेच राहतो.

या परीक्षेसाठी केलेला सराव फेकू नका. पोर्टफोलिओची पहिली दहा पानं त्यातूनच निघतात.

एक प्रश्न धरून काम करायचं

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये एपी नावाचा वरच्या पातळीचा चित्रकलेचा अभ्यासक्रम आहे. त्यात लेखी पेपर नसतो, वर्षभराचं कामच तपासायला पाठवतात. एकाच शोधावर आधारलेल्या 15 प्रतिमा आणि त्याशिवाय 5 निवडक कामं. पंधरा वेगवेगळे विषय नाहीत, एकच प्रश्न आणि त्याचा पाठपुरावा. आपल्याकडे ती परीक्षा नसली तरी ही पद्धत घेण्यासारखी आहे.

समजा मुलीच्या घरात अम्मीची शिलाई मशीन आहे. तिने प्रश्न धरला, "या मशीनवर आमचं घर कसं चालतं?" पहिली चार चित्रं नुसती मशीनची, वेगवेगळ्या बाजूंनी, पेन्सिलने. मग रिळं, कैची, टेप, कापडाच्या चिंध्या, रंगात. मग चिंध्याच कागदावर चिकटवून एक रचना. ती बिघडली तर बिघडलेलीही ठेवायची आणि शेजारी दुसरा प्रयत्न. मग टाक्यांच्या रेषांवरून एक नक्षी. शेवटी रात्री बल्बच्या उजेडात मशीनची सावली. दहा-बारा कामांत ती मुलगी कुठून कुठे आली ते बघणाऱ्याला आपोआप कळतं. यासाठी खर्च किती? कागद, पेन्सिली, पोस्टर कलरचा एक डबा. बाकी सगळं घरातच आहे.

मोठ्या कलावंतांनीही हेच केलं. अलीगढला जन्मलेल्या झरीना हाशमी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकल्या आणि पुढे छापचित्रकार झाल्या. 1999 मध्ये त्यांनी 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही 36 वुडकट चित्रांची मालिका केली. विषय एकच, घर. प्रत्येक चित्रासोबत एक उर्दू शब्द आणि मोजक्या सरळ रेषा.

विषय आपल्या जिल्ह्यातच आहेत

लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात तयार झालेलं. 2020 च्या जून महिन्यात त्याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. रोहिणखेडची दगडी मशीद सोळाव्या शतकातली. तिच्या कमानी आणि कोरीव काम बसून काढायला दोन रविवार पुरणार नाहीत. सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा वाडा, सैलानीच्या यात्रेतली दुकानं, खामगावच्या चांदीच्या कारागिरांचे हात, कापसाने भरलेल्या गाड्या, मोहल्ल्यातलं वेल्डिंगचं दुकान, बेकरीची भट्टी. मुंबईच्या मुलाकडे हे नाही. आपल्या मुलाने हेच दाखवलं तर त्याची फाइल शंभर फाइलींत वेगळी दिसेल.

"पण चित्र काढणं जायज आहे का?"

हा प्रश्न घरात येतोच आणि तो टाळून चालणार नाही. जानदार चित्रांबाबत उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. फतवा देणं आमचं काम नाही, आपण ज्या आलिमांवर भरोसा ठेवता त्यांना जरूर विचारा. मात्र विचारताना प्रश्न पूर्ण मांडा. चित्रकला म्हणजे फक्त माणसांचे चेहरे नव्हेत. खत्ताती, भूमितीय नक्षी, झाडं-पानं, इमारती, वस्तू, कापडाचं डिझाइन, अक्षररचना, घराची अंतर्गत सजावट हे सगळं त्यात आहे, आणि इस्लामी कलेची सगळ्यात मोठी दौलतही याच भागात आहे. पोर्टफोलिओचा बराचसा भाग यावर उभा राहू शकतो.

एक गोष्ट लपवू नये. स्मरणचित्राच्या पेपरात बहुतेक वेळा मानवाकृती काढाव्या लागतात, आणि कला महाविद्यालयात तोही अभ्यास असतो. डिझाइनच्या काही शाखांत त्याचं प्रमाण कमी असतं. म्हणून घरात ही चर्चा नववी-दहावीतच मोकळेपणाने करा. प्रवेश झाल्यावर मुलीचं शिक्षण मधेच तोडण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

काम जपायचं कसं?

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने नाव, तारीख, माध्यम आणि आकार लिहा. कागद गुंडाळू नका, सपाट ठेवा. दोन जाड पुठ्ठे आणि नाडी, एवढ्यात फाइल तयार होते. जमिनीवर ठेवू नका, कपाटावर ठेवा आणि पावसाळ्यात वरून प्लास्टिक घाला.

काम झालं की त्याच आठवड्यात फोटो काढा. सकाळी खिडकीजवळ किंवा ओसरीत, थेट ऊन नको. फ्लॅश बंद. मोबाइल कागदाला अगदी समांतर धरा, नाहीतर चौकट तिरकी येते. फोटोवर फिल्टर नको. फोटो ईमेलवरही ठेवा, मोबाइल हरवला तरी काम राहील.

निवड करताना पहिलं आणि शेवटचं काम सगळ्यात दमदार ठेवा. वीस बरी चित्रं असतील तर त्यातली बाराच ठेवा. एक कमजोर चित्र बाकीच्यांनाही खाली ओढतं. निवडीच्या वेळी घरच्यांपेक्षा ड्रॉइंगच्या सरांना किंवा एखाद्या कलावंताला विचारा. अम्मीला सगळीच चित्रं आवडतात!

पुढे कुठे आणि काय मागतात?

बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलाला राज्याच्या कला सीईटीतून चार वर्षांच्या बीएफएला जाता येतं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालयं आहेत, आपल्याला जवळची तीच. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 चं. 2023 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची जाहिरात वेगळी पाहावी. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड, तर एनआयडी आणि निफ्टच्या स्वतंत्र परीक्षा. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आणि दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया इथेही कलेचे विभाग आहेत.

राज्याच्या सीईटीत पोर्टफोलिओला गुण नाहीत, तिथे समोर बसून काढलेलं चित्र मोजतात. मग फाइल कशाला? कारण जो मुलगा तीन वर्षं फाइलसाठी काम करतो त्याचा हात परीक्षेत अडत नाही. शिवाय अनेक खासगी डिझाइन कॉलेजांत, परदेशात, पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाला आणि पहिल्या नोकरीला फाइलच मागतात.

कागदपत्रंही आत्ताच तयार ठेवा : अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आणि बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मणियार अशा ओबीसी यादीतल्या बिरादरींनी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमिलेअर. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहेत. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का ते प्रवेशाआधी तपासा. चित्र चांगलं असून दाखल्यापायी सीट जाणं, याहून वाईट काय?

मुलींबद्दल दोन शब्द

"एवढ्या लांब कशी पाठवायची?" ही काळजी आम्हाला समजते. वसतिगृह आधी पाहून या, तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलींशी बोला. नसरीन मोहम्मदी कराचीत जन्मल्या, लंडनला शिकल्या आणि 1972 पासून 1990 मध्ये इंतकाल होईपर्यंत बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत राहिल्या. फक्त रेषांच्या जोरावर त्यांचं काम जगभरच्या संग्रहालयांत पोहोचलं.

आणि मुलांचं म्हणाल, तर मकबूल फिदा हुसेन आपल्याच पंढरपूरचे, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आले. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या एका वनाधिकाऱ्याचा मुलगा. 1939 मध्ये ते नागपूरच्या चित्रकला शाळेत आले, तिथून जे. जे. ला गेले. बुलढाण्याहून नागपूर आजही तेवढंच लांब आहे.

प्रत्येक मूल हुसेन-रझा होणार नाही आणि व्हायलाही नको. कोणी कापडाचं डिझाइन करेल, कोणी पुस्तकांची मांडणी, कोणी शाळेत ड्रॉइंग शिकवेल. आपल्या शाळांना त्या शिक्षकाचीच तर गरज आहे. या रविवारी एवढंच करा. माळ्यावरचे कागद खाली काढा, मुलाला शेजारी बसवा आणि एकेक चित्र बघत विचारा, "हे कधी काढलंस?" जे ठेवायचं ते पुठ्ठ्यात घाला. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्म आणि हुनरमध्ये बरकत देवो. आमीन.